भाचीचा पूल, मामीचे मनगट

४ जानेवारी

चिरंजीव अभियंतासाहेब,

आशीर्वाद. किती, ते विचारू नकोस. तुझ्या खात्यासारखी मोजमापे मी ठेवत नाही. ठोक भावाने पाठवतो.

दूरध्वनी हाताशी असता पत्रप्रपंच कशासाठी, असा प्रश्न तुझ्या मनात उद्भवेल. कारण उघड आहे. दूरध्वनीवर माझे वाक्य क्रियापदाच्या वेशीपाशी पोहोचते न पोहोचते, तोच तू "हं, बरं मामा, ठेवू?" म्हणतेस. पत्र मध्येच तोडता येत नाही.

काल तुझ्या पादचारी पुलाचे उद्घाटन यथासांग संपन्न झाले. महामार्गाच्या या तीरावर आपले घर, त्या तीरावर आपले फलक रंगवण्याचे दुकान, आणि मध्ये अहोरात्र वाहणारा तो लोखंडी महापूर. त्याच्या माथ्यावरून आता माणसे निर्धोक जाणार. आणि हा सेतू आखला कोणी? जिला भागाकार शिकवता शिकवता माझे अर्धे केस गेले, तिने! ही वस्तुस्थिती मी समारंभास उपस्थित प्रत्येकास व्यक्तिशः निवेदन केली. बंदोबस्तावरच्या हवालदारासही. तो म्हणाला, "काका, कळलं. आता फीत सोडा." उद्घाटनाच्या फितीचे एक टोक माझ्या मुठीत होते. अभिमानाच्या भरात ते सोडायचे राहून गेले होते.

कोनशिलेवर सर्व मान्यवरांची नावे कोरली आहेत, तुझे नाही. ती न्यूनता मी स्वखर्चाने भरून काढली. दुकानाच्या दर्शनी भागी आजपासून फलक झळकतो: 'समोरील सेतूची शिल्पकार ही प्रस्तुत दुकानदाराची सख्खी भाची होय. अधिक चौकशी आत करावी.' चौकशीस अद्याप कोणी आलेले नाही. पण लोक थबकतात.

तुझी मामी रंग कालवता कालवता म्हणाली, "देखणा आहे हो पूल. पण उंच फार." मी म्हटले, "उत्तुंगता हेच कर्तृत्वाचे लक्षण." त्यावर ती म्हणाली, "मग चढा तुम्ही कर्तृत्व. मला हिरवा कालवायचाय." या गृहिणीस काव्यदृष्टी नाही. रंगदृष्टी मात्र आहे, म्हणून आपले दुकान चालते.

अभिमानाने वीतभर उंच झालेला,
मामा

(बाळ, वेळेवर जेवतेस ना? — मामी)

१९ जानेवारी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. घाईत आहे, तरी आठही अंगे हजर आहेत असे समजावे.

दुकानावरचा तो फलक कृपया उतरवा. तुम्ही उतरवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी सांगितले होते, हे नंतर म्हणता यावे.

आता थट्टा बाजूला ठेवून एक विचारते. पूल लोक वापरतात का? आमच्या खात्याला महामार्गाच्या उरलेल्या लांबीवर, वस्ती असेल तिथे तिथे, अगदी असाच पूल उभारायचा आहे. वरिष्ठ साहेबांनी माझ्याकडे अभिप्राय मागितला आहे. पहिला पूल कामी आला असे मी म्हटले, की बाकीच्यांना मंजुरी. मी इकडे दुसऱ्या टोकाच्या कामात अडकले आहे. सध्या येणे होत नाही. तुमचे दुकान पुलाच्या पायथ्याशी आहे, आणि तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. तुमच्या विशेषणांवर नाही.

हा पूल माझ्यासाठी काय आहे, ते तुम्हांला कधी सांगितले नाही. आईबाबांच्या बदल्यांमुळे मी तुमच्याकडे राहत होते, तेव्हा शाळा रस्त्यापलीकडे होती. मामी मला रोज ओलांडून नेई. ती हात धरत नसे. मनगट धरत असे. म्हणे, "हात सुटतो. मनगट सुटत नाही." आम्ही दुभाजकावर उभ्या असू, पुढून-मागून ट्रक जात, आणि तिची बोटे इतकी घट्ट असत की पहिला तास संपेपर्यंत माझ्या मनगटावर त्यांचे वळ दिसत. पूल मी त्या वळांसाठी आखला. कोणालाही कोणाचे मनगट तसे धरावे लागू नये, एवढेच.

म्हणून खरे काय ते लिहा. मला झोंबेल असे असले, तरी लिहा.

तुमची,
अभियंतासाहेब

२ फेब्रुवारी

चिरंजीव सेतुकर्तीस,

तुला झोंबेल असे येथे काहीही नाही. पुलावर जनसंमर्द असतो. आबालवृद्ध, सालंकृत-निरलंकृत, सभार-निर्भार अशा नागरिकांचा ओघ प्रभातसमयापासून प्रदोषकाळापर्यंत अखंड वाहतो. मी स्वतः आदर्शप्रस्थापनार्थ दिवसातून दोनदा आरोहण-अवरोहण करतो. गुडघे करकरतात; परंतु तो निव्वळ संगीताचा भाग आहे.

काही अल्पसंख्य, असंस्कृत मंडळी दुभाजकाच्या जाळीस पडलेल्या भगदाडातून, खालूनच, जिवावर उदार होऊन पलीकडे जातात, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. दोष पुलाचा नव्हे, लोकशिक्षणाचा. ते कार्य मी हाती घेतले आहे. त्या भगदाडाशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, चांगला सहा फुटी फलक मी स्वहस्ते उभा केला आहे. पिवळ्या पृष्ठभूमीवर काळी अक्षरे, कडेला वेलबुट्टी. मजकूर असा:

'भो पादचारिन्! विवेकशील मानवाने भूतलस्थ वाहनप्रवाहात आत्मविसर्जन न करता ऊर्ध्वगामी सेतुमार्गाचा अवलंब करावा व दीर्घायुष्य संपादावे. ही आज्ञा नव्हे. हे प्रेम होय.'

शेजारचा औषधवाला दुकान सोडून बघायला आला. बराच वेळ वाचून म्हणाला, "पेंटर, अक्षर झकास. पण हे वाचून होईस्तोवर माणसाला गाडी दोनदा उडवून जाईल."

मी म्हटले, "तुमच्या बाटल्यांवरचा मजकूर तरी कोण वाचतो?"

"तो वाचायला गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहत नाही," तो म्हणाला आणि गेला. अरसिक मनुष्य. खोकल्याचे औषध विकून विकून त्याची प्रतिभा कफग्रस्त झाली आहे.

तुझी मामीही रंगांच्या बादल्यांसह पुलावरूनच जा-ये करते. प्रथम कुरकुरली, परंतु मी रोज विचारतो, "कुठून आलीस?" आणि ती रोज सांगते, "पुलावरून." माझ्या वाणीचा हा पहिला दिग्विजय.

सबब, अभिप्राय निःशंक मनाने लिही. पूल कामी आलेला आहे.

तुझा,
लोकशिक्षक मामा

(बाळ, अभिप्राय लिहायची घाई नको करू. — मामी)

१४ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार. तुमचे पत्र मी साहेबांना वाचून दाखवले. 'निर्भार नागरिक' वगळून. ते खूश आहेत. समितीची बैठक मार्चअखेर आहे, तोवर मसुदा तयार ठेवते. प्रथमच असे वाटते आहे, की मी काहीतरी नीट केले.

मामीला घाई का नको आहे? आणि तिला म्हणावे, एका ओळीने माझे भागत नाही.

तुमची,
अ.

२७ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद. गतसप्ताही तुझी मातुलानी स्नानगृहाच्या आर्द्र भूमीवर पादस्खलन होऊन पतन पावली. परिणामतः दक्षिण मणिबंधाचे अस्थिभंजन होऊन तीस वैद्यकीय लेपबंधन करण्यात आले आहे. प्रकृती उत्तम. चिंतेचे कारण नाही. येण्याचे तर मुळीच नाही. तुझी कामे महत्त्वाची.

रंग सध्या मी कालवतो. काल पाटीला पोपटी हवा होता; जो निष्पन्न झाला त्यास गिऱ्हाईक 'बुरशी' म्हणाले. मी वाद घातला नाही.

भगदाडाशेजारचा तो फलक किरकोळ दुरुस्तीसाठी उतरवला आहे.

मामा

६ मार्च

प्रिय बाळ,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. मामा दुकानात गेलेत.

तू काही शेंबडी पोर नाहीस. त्यांचं पत्र वाचून तुला कळलंच असेल, की मनगटाला 'मणिबंध' म्हणायची वेळ माणसावर उगाच येत नाही. तुझा मामा खोटं बोलायला लागला की त्याचे शब्द लांब होतात. खरं बोलतो तेव्हा "चहा दे" इतकंच म्हणतो.

मी न्हाणीघरात पडले नाही. रस्त्यावर पडले. खालून ओलांडत होते. तुझ्या पुलाच्या बरोब्बर खाली.

पुलावरून येते असं मी त्यांना रोज सांगायचे. खोटंच. ते ज्या तोऱ्यात तुझ्या पुलाबद्दल गिऱ्हाइकांना सांगायचे ना, ते बघून खरं सांगायला जीभ रेटेना. एकदा चढले होते बादली घेऊन. अर्ध्यात जीव घशाशी आला. वर पोचले, तर आता तितकंच उतरायचं. मला पलीकडे जायचं असतं गं, डोंगरावर नाही. आणि मी एकटीच नाही. पाठीवर ओझं असलेला, कडेवर पोर असलेली, काठी टेकत चालणारा, सगळे खालूनच जातात. वरून फक्त तुझा मामा जातो.

मला धडकला तो स्कूटरवरचा एक सभ्य गृहस्थ. बँकेत असतो. जागच्या जागी रडायलाच लागला. मला रिक्षात घातलं, इस्पितळात आणलं, मामा येईपर्यंत थांबला. आणि मामांना म्हणाला, "काका, माझं लक्ष नव्हतं. मी तो फलक वाचत होतो. 'भो पादचारिन्' म्हणजे काय ते कळेना, म्हणून पुढं वाचत गेलो."

बाळ, मामांचा तेव्हाचा चेहरा तू बघितला नाहीस तेच बरं. संध्याकाळी त्यांनी जाऊन फलक उपटून आणला. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तरी रोज पूल चढतात. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "पोरीचा पूल रिकामा दिसतो."

तू मनगटाचं लिहिलं होतंस, ते पत्र मी दोनदा वाचलं. म्हणून हे लिहिलं. आणखी ठिकठिकाणी तसेच पूल झाले, तर तिथंही खालून कोणीतरी असंच कोणाचं तरी मनगट धरून जाईल. मामांचं मन राखायला मी हाड मोडून घेतलं, तेवढं पुरे. तू आमचं मन राखायला अभिप्राय लिहू नकोस.

हात बरा आहे. खाज फार येते.

तुझी,
मामी

३० मार्च

ती. मामा आणि मामी,

नमस्कार.

मामीचे पत्र आले त्या दिवशी मी इतकी रागावले, की तुम्हांला लिहिलेले उत्तर फाडून टाकले. मग रजा काढली आणि आले. घरी नाही, पुलावर. तुम्हांला कळवले नाही, कारण कळवले असते तर मामांनी औषधवाल्यापासून हवालदारापर्यंत सगळ्यांना पुलावर उभे केले असते.

दुपारभर मी वर, खांबाच्या आडोशाला होते. खालून माणसे जात होती. मामी म्हणते तशीच. दुभाजकावर एक बाई पोराला घेऊन उभी होती. तिने त्याचे काय धरले होते, ते मी लिहीत नाही.

वर माझ्याखेरीज एकच माणूस आला. दर चार पायऱ्यांनी थांबत होता. वर पोहोचल्यावर कठड्याला धरून धापा टाकल्या, घाम पुसला, आणि समोर कोणी नसताना दोन्ही बाजूंना अशी मान लववत गेला, जणू गर्दीतून वाट काढतो आहे. मामा, मी हाक मारायला हवी होती. मारता आली नाही.

आज बैठक झाली. साहेबांनी मला बोलायला उभे केले. मी म्हटले, "पूल पडणार नाही, बांधकाम उत्तम आहे. पण तो चुकला आहे. मी तो गाड्यांना थांबावे लागू नये म्हणून आखला, आणि माणसांसाठी आखला असे समजत राहिले. थांबायला हवे ते गाड्यांनी. ओलांडायची वाट जमिनीवरच हवी: पांढरे पट्टे, सिग्नल, आणि मध्ये माणसाला निवांत उभे राहता येईल एवढी रुंद जागा."

साहेब म्हणाले, "बाई, स्वतःच्या पुलाविरुद्ध साक्ष देणारा अभियंता मी नोकरीत पहिल्यांदाच पाहतो. नोंदवून घेऊ? नंतर शब्द फिरवता येणार नाही."

"नोंदवा," मी म्हटले.

बाकीचे पूल थांबले आहेत. पहिला पट्टा तुमच्या दुकानासमोर करून बघायचे ठरले. माझी बढती लांबली, असे जेवणाच्या सुट्टीत दोघांनी आनंदाने सांगितले.

मामा, तुमची मान खाली गेली असेल तर क्षमा करा. आणि तो पूल आता चढू नका.

तुमची

९ एप्रिल

चि. अ. हीस,

पत्र पावले. प्रस्तुत लेखक सध्या मौनात आहे.

मामा

(रागावलेले नाहीत. चहा दे, एवढंच बोलतात. — मामी)

२१ नोव्हेंबर

चिरंजीव अभियंतासाहेब,

आशीर्वाद. मौन सुटले आहे. साठलेला मजकूर एकदम अंगावर येईल, तरी बेताने बसून वाच.

आधी माझ्या मौनाचा खुलासा. तू स्वतःचा पूल भर सभेत नापास केलास, हे वाचून मला वाटले, आता लोकांना तोंड कोणते दाखवू? दुसऱ्याच दिवशी औषधवाला दारात हजर. "काय पेंटर, भाचीनं आपलाच पूल खोटा पाडला म्हणे?" मी उत्तरासाठी एखादा भारदस्त शब्द शोधू लागलो. एकही सापडेना. मग तोंडातून निघाले ते असे: "पूल बांधणारे पुष्कळ आहेत हो. आपला चुकला, असं उभं राहून सांगणारा एक दाखवा." जाताना तो खोकल्याच्या गोळ्या ठेवून गेला, पैसे न घेता.

तेव्हा मला उमगले, की माझा अभिमान चुकीच्या उंचीवर टांगलेला होता. फलक बदलला आहे: 'समोरील पूल चुकला, असे प्रथम सांगणारी अभियंता प्रस्तुत दुकानदाराची भाची होय.' हाही उतरवा, असे तू लिहिशील. लिही.

आता मुख्य वृत्त. गेल्या महिन्यात ठेकेदाराची माणसे पट्टे आखायला आली. त्यांना पट्ट्यांच्या अलीकडे, चालकांसाठी, रस्त्यावर अक्षरे लिहिणारा हवा होता. मी पुढे झालो. तुझी ओळख सांगितली नाही. पुन्हा वाच: सांगितली नाही. माझ्या आयुष्यातील हे सर्वांत अवघड ब्रह्मचर्य होते. ठेकेदाराने अक्षर पाहिले आणि काम दिले. मी विचारले, "मजकूर किती ओळींचा?" तो म्हणाला, "एक शब्द. थांबा."

एक शब्द! आयुष्यभर ज्याने 'दुकान बंद आहे' ही पाटीसुद्धा अनुष्टुभात रंगवली, त्यास एक शब्द! शिवाय अक्षरे अशी लांबुडकी काढायची, की 'थ' उंटासारखा आणि वरचा अनुस्वार दुधी भोपळ्यासारखा. मी म्हटले, "हे अक्षरांचे हाल आहेत." ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "चालकाच्या जागेवरून बघा, मग बोला." काम झाल्यावर त्याने मला ट्रकमध्ये बसवून दुरून आणले. रस्त्यावरची लांबुडकी अक्षरे तिथून तिरकी बघताना आपोआप आखूड झाली आणि माझ्यासमोर छान, सुबक, सरळ उभी राहिली: थांबा. चालकाने ब्रेक दाबला. अग, ट्रक थांबला! माझे लेखन वाचून प्रथमच कोणीतरी, त्यात सांगितले होते तेच केले.

पूल अजून आहे. त्याचा एक उपयोग सापडला आहे: वरून माझी अक्षरे साद्यंत दिसतात, असे मुकादम सांगतो. पण मी चढत नाही. तुझी आज्ञा आहे.

काल सिग्नल सुरू झाला. तुझी मामी रंगाची बादली घेऊन काठाशी उभी राहिली. मी शेजारी. सिग्नलवर पायी जाणाऱ्यांचा हिरवा माणूस लागला. दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन उभ्या राहिल्या. बस, ट्रक, मोटारी, आणि पहिल्या रांगेत, योगायोग पाहा, तो बँकेतला स्कूटरवाला. त्याने मामीला नमस्कार केला. मामी पाऊल उचलीना. म्हणाली, "एवढे सगळे माझ्यासाठी थांबलेत?"

मी म्हटले, "हो. भाचीनं सांगितलंय त्यांना."

मग तिने माझे मनगट धरले. त्याच हाताने, मोडला होता त्या. पकड अगदी तू लिहिलीस तशी. आम्ही चालू लागलो. मधल्या रुंद जागेत पोहोचलो, तेव्हा तिने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे, माझे मनगट सोडले, आणि हात धरला.

घरी येऊन मी मनगट दिव्याखाली नीट तपासले. वळ नाही.

मामा

(बाळ, पट्ट्याचा पांढरा चांगला आहे, टिकेल. आज पलीकडे जाऊन येते म्हटलं आणि तीनदा जाऊन आले. काही काम नव्हतं. — मामी)